साहेब घरी नाहीत



चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही गिरण्यांच्या जमिनींवर बोलू, कंत्राटी कामगारांवर बोलू, निदान बोनसवर तरी बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. पत्रिकेत आमचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींची निराशा झाली असेल, आणि काहींना हायसेही वाटले असेल. उन्हाळ्याचे दिवस आहेत, शिवाजी पार्कच्या मैदानावरून थोडा वारा येत आहे. अशा संध्याकाळी एका विनोदाची वंशावळ सांगावी असे आम्ही ठरविले. हा विनोद तुम्ही सर्वांनी ऐकलेला आहे. तो असा:

दारावरची घंटा वाजते. मालक गड्याला म्हणतात, “कुणी विचारलं तर सांग, साहेब घरी नाहीत.” गडी दार उघडतो. बाहेर उधारीवाला उभा असतो. तो विचारतो, “साहेब आहेत का?” गडी म्हणतो, “साहेबांनी सांगितलंय, साहेब घरी नाहीत.”

झाला विनोद. तुम्ही आत्ताही हसलात. दूरदर्शनवरच्या जुन्या विनोदी कार्यक्रमांत हा प्रसंग आम्ही इतक्या वेळा पाहिला आहे की, गडी दाराकडे निघाला की पुढे काय होणार हे आमच्या चाळीतले शेंबडे पोरही सांगे. घर बदले, मालक बदले, उधारीवाल्याच्या जागी सासरा येई किंवा कचेरीतला वरिष्ठ येई; पण गडी तोच आणि त्याचे उत्तरही तेच.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आमच्या लालबागच्या चाळीत पहिला संच आला त्यानंतर काही वर्षांनी, आणि तोही एकाच बिऱ्हाडात. त्या दहा बाय बाराच्या खोलीत चाळीस माणसे बसत. मुले पुढे जमिनीवर, पुरुष मागे, आणि बाया दारात उभ्या, कारण कुणाची भाकरी तव्यावर असे, तर कुणाचे पाणी भरायचे राहिलेले असे. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. आमचे वडील त्यांतलेच एक. संप लांबला, घरातला डबा रिकामा झाला, आणि आमची आई दादरला दोन घरी धुण्याभांड्याला जाऊ लागली.

त्याच काळातली एक संध्याकाळ आम्हांला आठवते. पडद्यावर तो प्रसंग आला. गडी म्हणाला, “साहेबांनी सांगितलंय, साहेब घरी नाहीत.” खोली हसली. पण सगळ्यांत मोठ्याने हसली ती दारातली आमची आई. शेजारच्या काकू म्हणाल्या, “काय बाई खुळा आहे मेला!” त्यावर आमची आई साताऱ्याकडच्या आपल्या बोलीत म्हणाली, “खुळा न्हाई त्यो. येड पांघरून पेडगावला निघालाय.”

आज आम्ही जे काही सांगणार आहोत ते सारे त्या एका वाक्यात आलेले आहे. आमच्या शाळेची मजल नववीपर्यंतच. पुढचे शिक्षण युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांवर आणि नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून झाले. तेव्हा पंडितांची सफाई आमच्या बोलण्यात नसेल, ती चूक पदरात घ्यावी.

हा विनोद किती जुना असावा? दूरदर्शनवाल्यांनी तो नाटकावरून घेतला असेल, असे आम्हांला पूर्वी वाटे. पण सिसेरो या रोमन वक्त्याचा वक्तृत्वावरचा ग्रंथ हाती आला, तो आम्ही कोश शेजारी ठेवून वाचला, आणि चकित झालो. हा ग्रंथ इसवी सनापूर्वी ५५ साली लिहिलेला. त्यात सभेत लोकांना कसे हसवावे यावर एक मोठे प्रकरण आहे, आणि त्यात ही गोष्ट आहे. नासिका नावाचा सरदार एन्नियस या कवीच्या घरी गेला. दासीने सांगितले, “मालक घरात नाहीत.” मालक घरात आहे आणि दासी पढविल्याप्रमाणे बोलते आहे, हे नासिकाने ओळखले. तो काही न बोलता परतला. काही दिवसांनी एन्नियस त्याच्या दाराशी आला. नासिका आतून स्वतःच ओरडला, “मी घरी नाही!” कवी म्हणाला, “मला तुझा आवाज कळत नाही होय?” त्यावर नासिका म्हणाला, “निर्लज्ज माणसा! मी तुझ्या दासीवर विश्वास ठेवला, आणि तू खुद्द माझ्यावर ठेवत नाहीस?”

म्हणजे आपला हा विनोद दोन हजारांहून अधिक वर्षांचा आहे. तुर्कस्तानापासून आपल्याकडे सर्वत्र सांगितल्या जाणाऱ्या मुल्ला नसरुद्दिनाच्या गोष्टींत त्याचा भाऊ सापडतो. शेजारी मुल्लाकडे गाढव उसने मागायला येतो. मुल्ला म्हणतो, “गाढव घरी नाही.” तेवढ्यात गोठ्यातून गाढव ओरडते. शेजारी हसतो. मुल्ला रागावून म्हणतो, “माझी एवढी पिकलेली दाढी, आणि तू माझ्यापेक्षा गाढवाच्या शब्दावर विश्वास ठेवतोस?”

या तिन्ही गोष्टी शेजारी मांडून पाहा. तिन्हींमध्ये खोटे बोलणारा मालकच आहे. रोममध्ये तो ते खोटे दासीच्या तोंडून वदवितो. मुल्लाच्या घरी खरे बोलते ते गाढव. आपल्या दूरदर्शनवर खरे बोलतो तो गडी. पण हसताना आपण कुणाला हसतो? खोटे बोलणाऱ्या साहेबाला नव्हे, तर खरे बोलणाऱ्या गड्याला. हे असे उलटे कसे झाले, हाच आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

त्यासाठी हा गडी कोण, हे पाहिले पाहिजे. रोममध्ये प्लाउटुस नावाचा नाटककार होऊन गेला. त्याच्या नाटकांत गुलाम हा सर्वांत हुशार माणूस असतो. मालकाचा मुलगा प्रेमात पडून रडत बसतो, म्हातारा मालक पैशाला चिकटतो, आणि सगळी सूत्रे हलवितो तो गुलाम. या प्लाउटुसबद्दल जुने रोमन लेखक सांगतात की, व्यापारात बुडाल्यावर त्याने धान्य दळण्याच्या गिरणीत जाते ओढून पोट भरले आणि तिथेच काही नाटके लिहिली. ही कथा खरी धरली, तर जगातल्या विनोदी नाटकाच्या आद्य पुरुषांपैकी एक जण गिरणी कामगार होता, असे आम्ही लालबागकर अभिमानाने म्हणू!

पुढे सोळाव्या शतकात इटलीमध्ये मुखवट्यांची विनोदी नाटके गावोगाव होऊ लागली. त्यांतल्या नोकरांना ‘झानी’ म्हणत. हे नाव कुठून आले, हे मोठे पाहण्यासारखे आहे. बेर्गामोच्या डोंगराळ मुलुखातले गरीब लोक पोटासाठी व्हेनिस शहरात येत, ओझी वाहत, घरकाम करीत. त्यांच्यात ‘जोवान्नी’ हे नाव फार. व्हेनिसच्या बोलीत त्याचे झाले ‘झानी’. मग डोंगरातून आलेला कुणीही हमाल असो, तो झानी. त्याची बोली अडाणी, त्याची भूक मोठी, त्याचे कपडे ठिगळांचे. इंग्रजीत वेडगळ माणसाला जो शब्द आहे, तो याच नावावरून आला.

आता व्हेनिसहून मुंबईला या. कोकणातून पोटासाठी आलेला मुलगा गिरगावात, वाळकेश्वरात घरगडी म्हणून राहिला, तर त्याचे नाव काही का असेना, शेटाणीच्या तोंडी तो ‘रामा’. “आमच्याकडे एक रामा आहे,” असे म्हणत. एका माणसाचे नाव साऱ्या जातभाईंना चिकटले आणि धंद्याचे नाव होऊन बसले. घाटावरून आलेला तो ‘घाटी’. झानीची आणि रामाची कुंडली एकच आहे. गावाकडची शेती पुरत नाही, शहराला हात हवे असतात, आणि हात पुरविणाऱ्याची बोली शहराला हास्यास्पद वाटते.

हा झानी आपल्या रंगभूमीवर कोणत्या वाटेने आला, त्याची एक वाट तर तारखांसह दाखविता येते. पॅरिसमध्ये मोलिएरची मंडळी आणि इटालियन मुखवटेवाले एकाच नाट्यगृहात आळीपाळीने खेळ करीत. त्यांच्या सहवासातून मोलिएर पुष्कळ शिकला. त्याने १६६० साली संशयी नवऱ्यावर एक प्रहसन लिहिले. त्यावरून १७६१ साली मर्फी याने इंग्रजी नाटक केले. त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव’ लिहिले, आणि तेच पुढे १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ होऊन रंगभूमीवर आले. त्यातला नोकर भादव्या तुम्हांला आठवत असेल. नावे मराठी महिन्यांची नि नक्षत्रांची, पण घराणे थेट इटलीचे.

ही झाली एक वाट. दुसरी वाट आपल्या घरची आहे, आणि ती आम्हांला अधिक जवळची. तमाशातला सोंगाड्या. गवळणीत तो पेंद्या होतो, वगात राजाचा शिपाई होतो. राजा आज्ञा देतो, सोंगाड्या ती अक्षरशः पाळतो, आणि पाळता पाळता राजाचे हसे करतो. वेड पांघरून तो जे बोलतो ते गावच्या पाटलाला उघड बोलण्याची कुणाची छाती नसे. पाटील पुढेच बसलेला असे आणि त्यालाही हसावे लागे. आमच्या परळ-लालबागमध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा त्यांनी हाच सोंगाड्या उचलला आणि राजाच्या जागी सावकार, शेटजी, पुढारी बसविला. पुढे १९६५ च्या सुमारास वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ मध्ये दादा कोंडक्यांनी हवालदार उभा केला. दादा नायगावच्या चाळीत वाढलेले. राजा मूर्ख आणि हवालदार शहाणा, हे प्रेक्षकांना कुणी समजावून द्यावे लागले नाही.

मंडळी, हुकूम अक्षरशः पाळणे ही केवळ विनोदाची युक्ती नव्हे. कामगार चळवळीत तिला एक नाव आहे: ‘नियमानुसार काम’. रेल्वेच्या कामगारांनी हे हत्यार वापरलेले आहे. संप करायचा नाही, काम बंद करायचे नाही, फक्त नियमांच्या पुस्तकात जे जे लिहिले आहे ते ते सगळे करायचे. प्रत्येक तपासणी पुरती, प्रत्येक नोंद पुरती, प्रत्येक सही जागच्या जागी. दोन तासांत सारे वेळापत्रक कोलमडते. कारण कारखाना असो की घर, ते चालते कामगाराच्या समजूतदारपणावर. मालकाच्या शब्दावर नव्हे. मालक अर्धेच सांगतो, उरलेले अर्धे कामगार समजून घेतो. ज्या दिवशी तो समजून घेणे थांबवितो, त्या दिवशी मालकाच्या शब्दांतला पोकळपणा चव्हाट्यावर येतो. “साहेबांनी सांगितलंय, साहेब घरी नाहीत” हे घरगड्याचे नियमानुसार काम आहे. त्याच्याजवळ युनियन नाही, म्हणून तो एकट्यानेच करतो, इतकेच.

मग दूरदर्शनवर काय झाले? सगळेच बिघडले असे आम्ही म्हणणार नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशांचे चिमणराव पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तिथे हसे होते ते खुद्द पांढरपेशा चिमणरावांचे. आपल्याच फजितीला हसणारा मध्यमवर्ग हा निरोगी मध्यमवर्ग होय. पण पुढे दिवाणखान्यातल्या विनोदाचे पीक आले. प्रेक्षक दिवाणखान्यात, लेखक दिवाणखान्यात, आणि पडद्यावरही दिवाणखानाच. आपल्या हुकमात काही खोट आहे हे दिवाणखान्याला कळेना. तेव्हा गडी तसा वागतो याचे एकच कारण उरले, ते म्हणजे तो मूर्ख आहे! विनोदाचे शब्द तेच राहिले, पण गड्याच्या डोळ्यांतली ती बारीक चमक काढून घेतली गेली.

हे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. इंग्रजांच्या ‘फॉल्टी टॉवर्स’ या १९७५ च्या मालिकेत मॅन्युएल नावाचा वेटर आहे. तो बार्सिलोनाचा, इंग्रजी न समजणारा, मालकाचा मार खाणारा. इंग्लंड खो खो हसले. मालिका स्पेनमध्ये दाखवायची वेळ आली तेव्हा स्पेनवाल्यांनी काय करावे? त्यांनी त्याला इटालियन करून टाकले! आपला माणूस मूर्ख ठरू नये, शेजारचा ठरला तर चालेल.

आपली पाळी कशी आली तेही पाहा. लक्ष्मीकांत बेर्डे हे गिरगावचे. मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने त्यांना नायक केले, त्यांच्या नावावर चित्रपटगृहे भरली. हिंदीत १९८९ साली ‘मैंने प्यार किया’ आणि १९९४ साली ‘हम आप के हैं कौन’ यांत ते लोकप्रिय झाले, ते घरच्या नोकराच्या भूमिकेत. त्यांनी त्या नोकरांत जीव ओतला, याबद्दल दुमत नाही. पण मराठीतला नायक हिंदीच्या दारात गेला तर त्याच्यासाठी स्वयंपाकघराकडचे दार उघडले गेले, हे आम्ही लालबागमध्ये बसून पाहिले, आणि हसता हसता थोडे थांबलो.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. पंचवीसएक वर्षे झाली. उपनगरातला एक कारखाना. नाव घेत नाही, माणसांचीही घेत नाही. आमचे मागणीपत्र पाच महिने पडून होते. आम्ही दर आठवड्याला जावे आणि व्यवस्थापकांच्या दाराशी बसलेल्या शिपायाने सांगावे, “साहेब नाहीत.” एक दिवस आम्ही कामगार प्रतिनिधींसह गेलो. शिपायाने आमच्याकडे पाहिले आणि खणखणीत आवाजात सांगितले, “साहेबांनी सांगायला सांगितलंय, साहेब नाहीत.” आतल्या काचेमागे खुर्ची करकरली. आम्ही हललो नाही. दहा मिनिटांनी साहेबांना बाहेर यावे लागले.

चौथ्या दिवशी शिपायाच्या हाती आरोपपत्र पडले. गैरवर्तन, वरिष्ठांची बदनामी. चौकशी सुरू झाली. तिथे साहेबांनी जबानी दिली की, हा इसम मुळातच मंद आहे. मग मध्यस्थामार्फत निरोप आला: माझ्या अल्पबुद्धीमुळे चूक झाली, असे शिपायाने लिहून द्यावे; प्रकरण मिटेल.

आणि येथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे. आम्ही त्याला सही करण्याचा सल्ला दिला. त्याच्या पदरी दोन मुली होत्या, नोकरी महत्त्वाची होती. कागदावरच्या दोन शब्दांनी काय बिघडते, असे आम्ही म्हणालो. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “भाऊ, मी खुळा आहे असं एकदा लिहून दिलं, तर उद्यापासून माझं काहीच खरं धरणार नाहीत.”

आम्ही मान खाली घातली. आईचे वाक्य आम्ही विसरलो होतो.

त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिले ते एवढेच: साहेब नाहीत असे सांग, असे साहेबांनी सांगितले, ते मी तसेच सांगितले, यात खोटे काय ते मला दाखवून द्यावे. ते कुणाला दाखविता आले नाही. तरी त्याची एक वेतनवाढ रोखली गेली आणि दारावरून उचलून त्याला गोदामात टाकले. आम्ही भांडलो, पण ती वेतनवाढ परत आणू शकलो नाही. मागणीपत्रावर बोलणी मात्र पुढच्या महिन्यात सुरू झाली. निवृत्त होईपर्यंत तो गोदामातच होता, आणि कारखान्यात त्याला कुणी खुळा म्हणत नसे.

हा विनोद उलटा का झाला, याचे उत्तर आम्हांला त्या शिपायाने दिले. माणूस मूर्ख ठरला की त्याच्या बोलण्यातले खरे मानावे लागत नाही. दूरदर्शनचा गडी मूर्ख असावा लागतो, कारण तो शहाणा आहे असे मानले तर साहेब खोटे ठरतात. आणि साहेब म्हणजे संचासमोर बसलेले आपण. पेशवाईच्या अखेरीपासून आजवर राज्ये बदलली, पण हसण्याची ही सोय कुणी सोडली नाही.

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. घरकाम करणाऱ्या बाईला ‘कामगार’ म्हणायला आपल्या समाजाला फार वेळ लागला. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली. जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला औपचारिक मान्यता दिलेली नाही. आठवड्याची सुट्टी, ठरलेले तास, आजारपणाची रजा या मागण्या घेऊन बाया आजही मोर्चे काढतात. त्यांचे म्हणणे ऐकताना ऐकणाऱ्याच्या ओठांवर एक बारीक हसू येते, ते आम्ही अनेकदा पाहिले आहे. ते हसू त्याने पडद्यावरून उचललेले असते.

विनोद बंद करा असे आम्ही म्हणत नाही. विनोद बंद करायला निघालेली माणसे आम्हांला कधीच भावली नाहीत. समोरच्याच मैदानावर संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत आचार्य अत्र्यांनी हजारोंना हसविले, आणि ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांना घाम फोडला. विनोद वर चढला की असा चढतो. आमचे मागणे इतकेच की, हा जुना विनोद पुन्हा पाहाल तेव्हा गड्याच्या डोळ्यांकडे पाहा.

आणि दुसरे मागणे घरगुती आहे. उद्या तुमच्या दाराशी नको असलेला पाहुणा आला, तर “घरी नाही” हे आपल्याच तोंडाने सांगा. नासिकाने सांगितले तसे आतून ओरडून सांगितले तरी चालेल. कामावरच्या बाईला ते सांगायला लावू नका. आमच्या आईला दादरच्या एका घरी ते महिन्यातून चारदा सांगावे लागे. धुणे, भांडी, केरलादी यांचे पैसे ठरलेले होते. खोटे बोलण्याचे पैसे त्यात कधीच धरलेले नव्हते.